प्रसारणाची पदवी आणि न दिसणारा श्रोता

बारावीचा निकाल लागला की अनेक मध्यमवर्गीय घरांत हल्ली एक नवा वाद उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला प्रसारण आणि डिजिटल संज्ञापन या विषयात पदवी घ्यावयाची असते. वडील विचारतात, खिशातल्या मोबाइलवर शाळकरी पोरेही चित्रफिती करतात, मग त्यासाठी तीन-चार वर्षे आणि एवढे शुल्क कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या गुळगुळीत माहितीपत्रकात मात्र सापडत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा कॅमेरा, ध्वनिमुद्रण यंत्र आणि प्रक्षेपक ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची सामग्री होती. ती हाताळण्याची संधी हेच मोठे शिक्षण होते. आज तसे राहिलेले नाही. पहिल्या वर्षी शिकवलेली संगणक-प्रणाली पदवी हाती पडेपर्यंत बदललेली असते. केवळ बटणे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल वडिलांची शंका पूर्णपणे खरी आहे.

मग शिकण्यासारखे उरते काय? यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची आणि जमेल ते कृतीत आणायचे, अशी योजना होती. चर्चेचा वृत्तान्त आणि शंका पुणे केंद्राकडे जात, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. म्हणजे ध्वनी जसा पुण्याहून गावात जात होता, तसाच गावाचा आवाज पुण्यात परत येत होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओ नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे अधिक दिसली, आणि निरक्षर श्रोतेही त्यात मागे राहिले नाहीत. रेडिओसंच दोन्हीकडे होता. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. प्रसारणाच्या विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात हा प्रयोग अभ्यासावा इतक्या मोलाचा तो आहे, पण आपल्याकडे परदेशी सिद्धान्तांची नावे पाठ करून घेण्याचीच हौस फार!

पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली, तेव्हाही संशोधक प्रत्यक्ष गावांत राहून प्रेक्षकांचे निरीक्षण करीत होते.

आजच्या विद्यार्थ्यापुढे याच्या नेमकी उलट स्थिती आहे. चित्रफीत टाकल्यापासून काही क्षणांत ती किती जणांनी उघडली, कोणत्या सेकंदाला सोडून दिली, हे पडद्यावर दिसते. आकडा हाती येतो. माणूस येत नाही. पाहणाऱ्याला काय कळले, काय उलटे कळले, हे तो आकडा सांगत नाही. विद्यार्थी मात्र त्यालाच श्रोता समजू लागतो आणि पुढची चित्रफीत अधिक भडक करतो. जुना पूर कालचा म्हणून दाखवणारी, एका गावचा दंगा दुसऱ्या गावच्या नावावर खपवणारी दृश्ये याच मोहातून पुढे सरकतात. आता तर न बोललेले वाक्य कोणाच्याही आवाजात तयार करता येते. म्हणून दृश्याचे मूळ शोधणे, तारीख पडताळणे, घटनास्थळी दूरध्वनी करणे आणि खात्री नसेल तर प्रसारण थांबवणे ही शिस्त अंगी बाणवणे हे पदवीचे खरे काम आहे. घाईच्या कार्यालयात ती शिकवायला कोणाला सवड नसते.

भाषेचेही तसेच. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमची जागा पुढे बीएएमएमसी या अभ्यासक्रमाने घेतली; नाव बदलले तरी बहुतेक वर्गांत शिक्षण इंग्रजीतूनच होते. पदवीधराला नोकरी मात्र पुष्कळदा मराठी वाहिनीत लागते. मग 'च' आणि 'च़' यांतला फरक, एका दमात वाचता येईल एवढे वाक्य, अनुवादाचा वास न येणारी बातमी हे सारे त्याला कॅमेऱ्यासमोर चुकत शिकावे लागते.

तेव्हा प्रवेशापूर्वी पालकांनी स्टुडिओची चकचकीत काच पाहून परतू नये. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास यंत्र हाती मिळते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारावे. संस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे काय, हे पाहावे. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' किंवा माणदेशातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' यांसारख्या केंद्रांचा प्रक्षेपक लहान, पल्ला काही किलोमीटरांचा. पण श्रोता रस्त्यात भेटतो आणि चूक तोंडावर सांगतो.

असे केंद्र जवळ नसेल तर एक साधा उपाय आहे. विद्यार्थ्याने मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम घेऊन आजोळी जावे, पारावर दहाजणांना तो ऐकवावा आणि वही घेऊन शेजारी बसावे. कोण कोणत्या वाक्याला उठून गेला, तेवढेच लिहून आणावे.