तबकड्यांचे आरोग्य



आपल्या घरोघरी कपाटात सीडी-डीव्हीडींचा एक गठ्ठा असतो. त्यात लग्नकार्ये आहेत, मेळावे आहेत आणि आज हयात नसलेल्या आई-वडिलांचे आवाजही आहेत. विकत घेतलेली तबकडी बिघडली तर दुसरी मिळते. हे आवाज पुन्हा मिळणार नाहीत. आम्हा वैद्यकांना उपचारापेक्षा प्रतिबंध मोलाचा वाटतो. त्याच दृष्टीने चार गोष्टी सांगतो.

सीडीची जाडी अवघी १.२ मिलिमीटर. आपण तिची चकचकीत बाजू जपतो. परंतु मजकुराचा थर असतो नाव लिहिलेल्या बाजूला, रोगणाच्या पातळ लेपाखाली. खालचा उथळ ओरखडा घासून काढता येतो. वरचा थर खरवडला गेला तर इलाज नाही. म्हणून तेथे बॉलपेनने लिहू नये, चिकट लेबल लावू नये. डीव्हीडीत हा थर दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो. तिला वाकवू नये.

पुसायचे ते मऊ सुती कापडाने, केंद्राकडून कडेकडे; गोलगोल कदापि नाही. मजकूर सर्पिल रेषेत असतो. रेषेला छेदणाऱ्या ओरखड्याने गेलेला थोडासा भाग यंत्र स्वतः भरून काढते. रेषेच्या दिशेने गेलेल्या ओरखड्यात सलग मजकूर नष्ट होतो.

घरी भरलेल्या तबकडीत बहुधा प्रकाशाने फिकट होणारे रंगद्रव्य असते. तिला उन्हात वा मोटारीत ठेवू नये. डबीत, उभी, थंड व कोरड्या जागी ठेवावी.

प्लेअरचा डोळा म्हणजे त्याचे भिंग. त्याला धूळ आणि दव सोसत नाही. कडाक्याच्या थंडीतून आणलेले यंत्र उबदार खोलीत तासदोन तास तसेच राहू द्यावे, मगच सुरू करावे. तडा गेलेली तबकडी आत घालू नये. वेगाने फिरताना ती फुटते. केवळ अमेरिकेतील १२० व्होल्टसाठी बनवलेला प्लेअर भारतातील २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतो.

इतके करूनही तबकडी अमर नाही, आणि ती वाचणारी यंत्रे नव्या संगणकांतून नाहीशी होत आहेत. तेव्हा आजच दोन प्रती कराव्यात. एक येथे, एक गावाकडच्या घरी. सोबत कोण बोलत आहे, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे लिहून ठेवावे. अन्यथा आवाज टिकेल. पण तो कोणाचा, हे आपल्या नातवंडांना सांगायला कोणी उरणार नाही.

जय भीम.