कातळाची माती होते कशी



खुटबावच्या शिवारात विहीर खणताना निघणारे थर आपण पाहतोच. वर काळी माती, त्यात चुनखडीचे खडे, खाली मुरूम, मग कच्चा खडक आणि तळाला सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मूळ या सर्वांचे एकच.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर थिजले. थिजताना पडलेल्या चिरांतून पाणी शिरते. त्यात हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल होते, ते खनिजे कुजवते. त्यातील लोह गंजते, म्हणून मुरूम तांबूस दिसतो. बाकीच्याची चिकणमाती होते. मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड सापडतात. विद्यार्थ्यांनी एखादा फोडून पाहावा, गाभ्यात बहुधा काळा पाषाण निघेल.

महाबळेश्वरी हाच खडक, पण तेथील पावसाने विरघळणारे सारे धुऊन नेले, जांभा उरला. आपल्याकडे पाऊस तोकडा, म्हणून चुना रानातच राहिला. त्यात पाटाचे पाणी बेसुमार दिले व निचरा नसला की क्षार वर येतात, रान चोपण होते.

या कामाला वेळ किती लागतो? भाजे-कार्ले येथील लेणी याच बेसाल्टातली. दोन हजार वर्षे झाली, तरी छिन्नीच्या खुणा अजून दिसतात! बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी जमीन आकारणी लागू झाली. त्या पद्धतीचे नियम १८४७ साली पक्के झाले. त्यांत मातीची खोली हातांनी मोजत. पावणेदोन हात खोल माती अव्वल. साहेबाला सारा हवा होता हे खरे, पण खोली त्याने विचारात घेतली.

आज विटांसाठी, भरावासाठी वरची माती ट्रॉलीने विकली जाते. ज्याच्या वाट्याला माळाचा तुकडा, त्याच्याकडे मुळातच वीतभर असते. बँकेत आम्ही उतारा पाहतो. त्यावर क्षेत्र असते, आकार असतो, खोली नसते. दोन फूट माती गेली तरी उतारा तसाच!

विद्यार्थ्यांनी या उन्हाळ्यात आपल्या रानात चार ठिकाणी पहार घालून मुरूम किती खाली लागतो ते मोजावे आणि घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे.