दुरून राखण : घरचा कॅमेरा आणि त्याची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरचा कॅमेरा फोनवर दुरून कसा पाहावा, या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काही इंजिनियर नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. इंजिनियर बोलले तर आम्हांला कळायचे नाही." तेव्हा आज मी स्वयंपाकघरातल्या भाषेतच बोलणार आहे, चुकले तर सांभाळून घ्यावे.

दुरून राखण करणे आपल्याला नवे नाही. शेतातल्या माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिल्या आहेत. आणि आपल्याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी आहे. तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. त्यांनी टिपलेले सारे काचेच्या तंतूंतून एका जागी येते आणि तेथे बसलेली माणसे आकाशाचा शोध घेतात. घरच्या कॅमेऱ्याची गोष्ट त्याच जातीची. ते आकाश पाहतात, आपण ओटा पाहतो, एवढेच.

आता ओटा पाहण्याची वेळ आपल्यावर का आली, हे तुम्हांला मी सांगायला नको. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणे झाली, कालव्याला पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्याने घर केले. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवारात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जेथे जंगल नाही अशा शेतमळ्यांतही बिबटे राहतात, हे त्यातून दिसून आले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात जे घडले, लहान लेकरेसुद्धा गेली, त्याची आठवण अजून ताजी आहे. तेव्हा अंधारात दार उघडण्यापूर्वी बाहेर काय आहे हे कळणे, ही आपल्याकडे चैन राहिलेली नाही.

माझ्या घरचीच हकीकत सांगते. आमची वस्ती पिंपळवंडीच्या शिवारात, उसाला लागून. मुलगा-सून पुण्याला, घरी आम्ही दोघेच. पडवीतला कुत्रा बिबट्याने नेला तेव्हा मुलाने माणूस पाठवून कॅमेरा बसवून घेतला. पुढे एका पहाटे मी गोठ्याकडे जायला कडी काढणार, तोच फोन वाजला. मुलगा म्हणाला, "आई, दार उघडू नकोस. ओट्याच्या पायरीशी बिबट्या बसलाय." मी कडीवरचा हात तसाच मागे घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी तो उठून उसात गेल्याचे मुलाने सांगितले, तेव्हा कोठे मी खाली बसले.

सगळ्यांनी कॅमेऱ्याची वाहवा केली. मला मात्र निराळाच विचार छळू लागला. मुलाला त्या दिवशी योगायोगाने जाग आली होती. तो झोपेत असता तर? दाराआड उभी मी, आणि दाराबाहेरचे चित्र मात्र पुण्यात! मी त्याला म्हटले, "अरे, ज्याला दुरून पाहायचे त्याने खुशाल पाहावे, पण जिला दार उघडायचे आहे तिच्या फोनवर ते आधी दिसले पाहिजे."

मुलगा सुट्टीला आला आणि माझ्या फोनवर ते चित्र आणू लागला. काही केल्या जमेना. शेवटी कळले ते असे : कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने नोंदणी स्वतःच्या नंबरावर केली होती. कॅमेऱ्याच्या लेखी घराचा मालक तो. माझा मुलगा केवळ पाहुणा, आणि मी तर कोणीच नाही! म्हणजे इतके महिने आमचे अंगण त्या माणसाच्या खिशात फिरत होते. वर त्या चित्राच्या कोपऱ्यात आमच्या न्हाणीचे दार येत होते. माझ्या अंगावर काटा आला. तो माणूस वाईट नव्हता. "तुम्हांला सोपे जावे म्हणून केले," म्हणाला. त्याने आपल्या खात्यातून कॅमेरा काढून टाकला, तेव्हाच तो माझ्या नावावर चढला. पण सगळेच भले असतील असे कसे धरावे? राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रे चोरून विकली जात असल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. बाळंतिणींची ती चित्रे! ऐकून मन विटते.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. तिजोरीची किल्ली जशी घरधनिणीच्या कमरेला, तशी कॅमेऱ्याची किल्ली घरात राहणाऱ्या बाईपाशी असावी. ती किल्ली म्हणजे खाते आणि पासवर्ड.

आता हे सारे चालते कसे ते पाहू. कॅमेरा घरच्या वाय-फायवरून राउटरशी बोलतो, राउटर इंटरनेटशी. पण आपल्या घराला बाहेरून थेट हाक मारता येईलच असे नसते. मोबाइलच्या इंटरनेटवर बहुधा अनेक गिऱ्हाइके एकाच पत्त्यामागे असतात. शंभर बिऱ्हाडांच्या वाड्याला एकच पाटी असावी तसे. म्हणून कॅमेरा स्वतःच कंपनीच्या दूरच्या यंत्राकडे निरोप धाडतो, आपला फोनही तिकडेच विचारतो, आणि ते यंत्र दोघांची गाठ घालून देते. कोणी म्हणेल, "त्यापेक्षा राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो." त्याला नको म्हणा. ते भिंतीला भोक पाडण्यासारखे आहे. आपण पाहू तसा चोरही पाहील.

कृती अशी. प्रथम आपल्या फोनवर कॅमेऱ्याचे ॲप घेऊन आपल्याच नंबराने खाते उघडावे. फोन राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडावा. पुष्कळ कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्झची लहर कळत नाही आणि निम्म्या घरांत गाडी येथेच अडते. मग कॅमेऱ्यावरील चौकोनी क्यूआर खूण फोनला दाखवावी, किंवा फोनवरची कॅमेऱ्याला. ॲप सांगेल तसे. चित्र दिसले की काम झाले असे समजू नये. खरी परीक्षा पुढे आहे. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच चित्र पाहावे. तेव्हाही दिसले, तरच दुरून दिसते असे म्हणावे.

यानंतर लगेच, चहा टाकण्यापूर्वी, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा; कॅमेऱ्याचा आणि राउटरचाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर असे न बदललेले पासवर्ड वापरूनच ताब्यात घेतले होते. मुलाचे नाव, गाडीचा नंबर, १२३४५ हे पासवर्ड नव्हेत. दुसऱ्या पडताळणीची सोय असेल तर ती चालू करावी. मुलाला, लेकीला पाहायचे असेल तर आपला पासवर्ड देऊ नये. ॲपमध्ये 'शेअर' करण्याची सोय असते, तीतून त्यांना पाहुणे म्हणून घ्यावे. पाहुणा नको झाला तर काढता येतो. सांगितलेला पासवर्ड परत घेता येत नाही.

चार बारकावे संसारी बायकांसाठी. लाइट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की चित्र बंद. म्हणून राउटरला एक लहान बॅटरी-पेटी जोडून घ्यावी आणि कॅमेऱ्याचीही तशीच सोय करावी. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर वीज असेतो, इंटरनेट गेले तरी, चित्रण घरात राहते. 'फक्त माणूस दिसला तर कळव' अशी खूण ॲपमध्ये असते. ती ठेवली तर बिबट्या आला तरी फोन मुका राहील, हे ध्यानात घ्या. सगळी हालचाल कळवायला सांगावे आणि भिंगासमोरची कोळ्याची जाळी आठवड्यातून एकदा झाडावी, नाहीतर रात्रभर कोळ्याच्याच वर्द्या येतील. खर्चाचे म्हणाल तर सेकंदाला एक मेगाबिटने चित्र पाहिले तर तासाला सुमारे ४५० एमबी डेटा जातो. दिवसाचे दीड जीबी तीन-साडेतीन तासांत संपेल. तेव्हा मालिकेसारखे पाहत बसू नये; वर्दी आली की पाहावे.

आता जरा नाजूक बोलते. कॅमेऱ्याचे तोंड नेहमी बाहेर असावे, वाटेकडे, गोठ्याकडे. शेजारणीच्या मोरीकडे, पाणवठ्याकडे नको. बाईचे खासगी चित्र चोरून घेणे वा पसरवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे कैद आहे. आणि सासूबाईंनो, मीही सासूच आहे, म्हणून म्हणते. बिबट्यासाठी घेतलेला डोळा सुनेच्या पाठीवर लावू नका. सून किती वाजता उठली आणि कोणाशी बोलली, हे पुण्यात बसून पाहणे याला राखण म्हणत नाहीत. घरात कोठे कॅमेरा आहे आणि तो कोण पाहते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेच पाहिजे.

शेवटी, कॅमेरा बिबट्याला हाकलत नाही. तो फक्त सांगतो. ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले सापडतात तेव्हा माणिकडोहच्या निवारा केंद्राची आणि वनखात्याची माणसे ती सापडल्या जागीच ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर होतात. रात्री आई येते, पिल्लू तोंडात धरून जाते. पाहावे, पण मध्ये पडू नये, हे त्यांच्याकडून शिकावे. ओट्यावर बिबट्या दिसला तर दार बंद ठेवावे, शेजारच्या वस्तीला फोन करावा, वनखात्याच्या १९२६ या नंबरावर कळवावे. फोटो काढायला बाहेर जाऊ नये आणि कोठले तरी जुने चित्र गटावर टाकून गावाला घाबरवू नये. गोठ्याचे दार, अंगणातला दिवा आणि अंधारात सोबत यांची जागा कोणताही कॅमेरा घेणार नाही.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरात कॅमेरा असेल तर विचारा, "हा कोणाच्या नावावर आहे?" उत्तर आले नाही तर पुढच्या सभेला फोन घेऊन या, आपण मिळून शोधू. मी ज्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर ओटा पाहिला आणि मग कडी काढली, त्या पहाटे बाहेर फक्त आमची मांजर होती. पण दार मी माझ्या भरवशावर उघडले, याचा आनंद काही वेगळाच होता. तो तुम्हां सर्वांना लाभो, अशी इच्छा करून आपली रजा घेते.