गटारात कोणी उतरायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने मलवाहिन्यांवर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण किंमत कोण ठरवतो, हा माझ्या विषयाचा मूळ प्रश्न उघड्या मॅनहोलपाशी जितका स्पष्ट दिसतो तितका पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. गाडीवर पाण्याची टाकी व पंप असतो. पंप दर चौरस सेंटिमीटरला शंभर-दोनशे किलो दाबाने होजमध्ये पाणी सोडतो. होजच्या टोकाला लहानसे पोलादी नोझल असते. त्याची बहुतेक छिद्रे मागे तोंड करून असतात. पाणी मागे उसळते, म्हणून नोझल पुढे सरकते आणि जड होज ओढत स्वतःच नळात शिरते. फिरत्या नोझलची काही छिद्रे बाजूला कललेली असतात. पाण्याच्या त्याच प्रतिक्रियेने त्याचे डोके फिरते आणि धारा नळाचा सगळा घेर खरवडून काढतात. तेलकट थर सुटतात, सांध्यांतून शिरलेली बारीक मुळे तुटतात. फिरण्याचा वेग फार वाढला तर धारेचे तुषार होऊन जोर ओसरतो, म्हणून चांगल्या नोझलमध्ये वेगाला आवर घालण्याची सोय असते. काम खालच्या मॅनहोलपासून चढाकडे करतात. होज मागे ओढताना गाळ पाण्याबरोबर खाली येतो व शोषण-पंपाने उपसला जातो. या साऱ्या वेळात कामगार रस्त्यावर उभा असतो.

मग माणूस आत का उतरतो? तेथला हायड्रोजन सल्फाइड वायू घ्राणशक्तीच बधिर करतो. सावध होण्याआधीच माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला सोबतीही वाचत नाही. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृतांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरी मृत्यू थांबले नाहीत.

कारण हिशेबात आहे. गाडी, डिझेल, पाणी यांचा खर्च ठेकेदाराच्या वहीत चढतो. कामगाराच्या जिवाची जोखीम चढत नाही. ती त्याच्या बायकामुलांच्या खाती जाते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि दर कमी राहावा म्हणून जातिव्यवस्था माणसे पुरवते. यंत्र महाग आहे असे म्हणणाऱ्यांनी माणूस इतका स्वस्त कोणी ठेवला, याचेही उत्तर द्यावे.

यंत्राची भाबडी भक्ती मी सांगत नाही. खचलेला नळ जेटिंगने दुरुस्त होत नाही. जीर्ण वाहिनीला अति दाब अपाय करतो. अरुंद गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, तेथे छोटी घ्यावी लागते. शिवाय, यंत्र आले आणि सफाई कामगाराची भाकरी गेली, तर तो न्याय नव्हे.

म्हणून आपापल्या नगरपालिकेत जाऊन तीन गोष्टी विचारा. जेटिंगच्या गाड्या किती आणि त्यांतल्या चालू किती? माणूस आत उतरवणार नाही, अशी अट निविदेत आहे काय? आणि त्या गाडीवर कायम नोकरीत कोणाला घेतले आहे? कालपर्यंत जो आत उतरत होता, तोच उद्या पंपाच्या चावीपाशी उभा असला पाहिजे.