रिकाम्या डब्याचा परतीचा प्रवास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लहानपणी घरात रॉकेलचा चौकोनी डबा आला, की त्यातले रॉकेल कधी संपते याची वाट पाहणारी माणसे बरीच असत. आईला तो डबा बंबाशेजारी पाणी भरून ठेवायला हवा असे, आजीला त्यात तुळस लावायची असे आणि वडिलांना तो उलगडून गोठ्याच्या गळक्या छपरावर ठोकायचा असे. तोंडाशी एक आडवा लाकडी दांडा बसवला, की तोच डबा विहिरीवर पाणी भरायला तयार. जुन्या मापाने चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा हा डबा. त्याने आमच्या घरात दहा कामे केली. एक काम मात्र कधी केले नाही. ज्या दुकानातून आला, तिथे पुन्हा रॉकेल भरून घ्यायला तो परत गेला नाही.

पुढे मी अभियंता झालो आणि नोकरीची सारी वर्षे इंधनाच्या टाक्या तयार करण्यात गेली. आधी पत्र्याच्या, मग घडीच्या कापडी. या वर्षांत मला एक गोष्ट उशिरा कळली. इंधनाचे भांडे भरून कसे जाईल, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ते रिकामे परत कसे येईल, हा खरा प्रश्न आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

मुळात रिकामे म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये एका मिस्त्रींनी पेट्रोलचे जुने पिंप गॅसकटरने कापायला घेतले. पिंप उपडे करून, चांगले निथळून घेतलेले होते. ज्योत पत्र्याला लागली आणि वरचे झाकण उडाले. मिस्त्रींचे दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते एकच वाक्य पुन:पुन्हा म्हणत होते, “साहेब, पिंप तर रिकामं होतं.”

ते रिकामे नव्हते. त्यात पेट्रोलची वाफ होती आणि हवाही होती. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले, की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या पिंपात हवेला जागाच नसते. म्हणजे आत भडका उडण्याची भीती भरलेल्यापेक्षा रिकाम्या पिंपात जास्त. हे पुस्तकात मी वाचलेले होते. मिस्त्रींना ते कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

आता जरा मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊ. १९४० ते ४२ या वर्षांत उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजा लढत होत्या. आपली चौथी भारतीय डिव्हिजनही तिथे होती. रणगाडे आणि मोटारींसाठी पेट्रोल पोचायचे ते मुख्यत: आमच्या रॉकेलच्या डब्याच्याच जातीच्या चार गॅलनी डब्यांतून. पातळ पत्रा, डाक दिलेले सांधे. खडकाळ वाटेवर ट्रक हादरला की सांधे सुटायचे, वरच्या थराच्या वजनाने खालचे डबे चेपायचे. तळापासून आघाडीपर्यंत जाताना सुमारे तीस टक्के इंधन वाया जाते, असा अंदाज तिथले सेनापती जनरल ऑकिनलेक यांनी केला होता. शंभर डबे निघाले, तर सत्तर डब्यांइतकेच पेट्रोल पोचायचे. रिकामे डबे परत येण्याचा प्रश्नच नव्हता. सैनिक ते कापून त्यात वाळू भरत, वर थोडे पेट्रोल ओतत आणि त्या शेगडीवर चहा करत.

समोरच्या जर्मनांकडे मात्र वीस लिटरचा वेगळाच डबा होता. शत्रूला ब्रिटिश सैनिक ‘जेरी’ म्हणत, म्हणून त्या डब्याचे नाव पडले जेरीकॅन. हा डबा १९३७च्या सुमारास तयार झाला. तो कधी हाताशी आला, तर नीट न्याहाळून पाहा. दाबून घडवलेले पत्र्याचे दोन भाग आणि त्यांना जोडणारा एक वेल्ड, तोही कडेला आत बसवलेला, म्हणजे घासला जात नाही. वर एक नाही, तीन मुठी. मधली धरून एकट्याने भरलेला डबा उचलावा. कडेच्या मुठी एकत्र धरल्या, की रिकामे दोन डबे एका हातात येतात. रांगेत हातोहात द्यायचा तर एक मूठ देणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची. झाकण खटक्याचे, पान्हा लागत नाही. तोंडाशी हवा आत जायला बारीक नळी, म्हणून ओतताना गटगट होऊन सांडत नाही आणि नरसाळेही लागत नाही. बाजूच्या पत्र्यावर फुलीच्या आकाराची खोलगट घडण आहे. ती पत्र्याला ताठपणा देते आणि आतले इंधन तापून फुगले तर थोडी जागाही करून देते. पंचवीस अंशांनी तापमान वाढले, तर वीस लिटर पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगते. वर राखलेल्या हवेच्या पोकळीमुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतो, तो वेगळाच फायदा.

या डब्याचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. १९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाणी लागेल म्हणून त्या जर्मनाने असे तीन डबे बरोबर घेतले. सहकारी वाटेतूनच परत गेला, पण जाताना डब्याची सारी माहिती देऊन गेला. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला. मायदेशी परतल्यावर त्याने लष्कराला हा डबा घ्या म्हणून सांगितले, पण सुरुवातीला कोणी दाद दिली नाही. पुढे घेतला तोही बदलून. बाहेरचा आकार आणि मुठी ठेवल्या; वेल्ड, खटक्याचे झाकण आणि हवेची नळी, म्हणजे नेमके मर्म, तेवढे वगळले. त्या डब्याला पान्हाही लागू लागला आणि नरसाळेही. ब्रिटिशांनी मात्र हाती लागलेल्या डब्याची जशीच्या तशी नक्कल केली.

जून १९४४मध्ये दोस्त फौजा फ्रान्समध्ये उतरल्या आणि चांगल्या डब्यालाही एक मर्यादा असते, हे तेव्हा दिसले. दोन कोटींहून अधिक जेरीकॅन फ्रान्समध्ये गेले. फौजा वेगाने पुढे गेल्या. सैनिक पेट्रोल ओतून डबा रस्त्याकडेला टाकत. कुठे त्यांच्या बसायच्या जागा झाल्या, कुठे चिखलात पायवाट झाली. ऑगस्ट संपेपर्यंत त्यातले बरेचसे डबे दिसेनासे झाले आणि डब्यांचीच टंचाई होऊन बसली. अखेर ते गोळा करायला फ्रान्सच्या शाळकरी मुलांना बक्षिसे लावावी लागली. डबा पुन:पुन्हा वापरता येण्याजोगा होता, पण परत येत नव्हता. ‘पुन्हा वापरता येणे’ हा गुण डब्याच्या अंगचा असतो असे आपण समजतो. तो निम्माच त्याच्या अंगचा असतो. उरलेला निम्मा माणसांच्या व्यवस्थेचा असतो.

ती व्यवस्था का कोलमडते, याचा हिशेब सोपा आहे. भरलेले पिंप ट्रकमध्ये जेवढी जागा घेते, तेवढीच रिकामे पिंप घेते. वजन कमी, पण जागा तीच. म्हणजे परतीचा ट्रक हवा वाहून आणतो आणि त्या हवेचे भाडे भरायला कोणी राजी नसते. म्हणून पिंपे तिथेच गंजत पडतात. भांडे रिकामे झाल्यावर लहान झाले, एकदशांश झाले, तर दहा ट्रकांची परत एका ट्रकात मावेल. घडीच्या टाकीमागचा विचार एवढाच आहे.

त्याचे एक नामांकित उदाहरण १९५६ सालचे. सुएझ कालवा बंद पडला आणि तेल आणायचे कसे ही चिंता ब्रिटनला लागली. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम हॉथॉर्न यांना कल्पना सुचली, की तेल पाण्यापेक्षा हलके आहे, ते तरंगतेच. मग जहाज कशाला, पिशवी पुरे. नायलॉनच्या कापडावर कृत्रिम रबराचा लेप दिलेली लांबलचक पिशवी तेलाने भरायची आणि समुद्रातून ओढत न्यायची. तिचे नाव ड्रॅकोन. सुरुवातीला ती पाण्यात सापासारखी वळवळे. ते आवरायला बरेच प्रयोग करावे लागले. पण रिकामी झाली, की रिळावर गुंडाळून बोटीवर टाका आणि परत या. पुढे ग्रीसच्या बेटांना गोडे पाणी पोचवायला अशा पिशव्या वापरल्या गेल्या. समुद्रात सांडलेले तेल गोळा करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. एरवी घडी घालून गोदामात, गरज पडेल तेव्हा पाण्यात.

दुसरे उदाहरण दक्षिण ध्रुवावरचे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाविषयीचा करार १९९१ साली झाला. त्यानुसार तिथे नेलेली इंधनाची पिंपे नेणाऱ्यानेच परत आणायची असतात. गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत जाणाऱ्या आपल्या मोहिमांनाही तो बंधनकारक आहे. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळापासून दक्षिण ध्रुवापर्यंत बर्फावरून सुमारे १६०० किलोमीटरची वाट २०००च्या दशकात तयार झाली. त्या वाटेने ट्रॅक्टर प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांवर इंधनाच्या उशीसारख्या पिशव्या ओढत नेतात. एकेका पिशवीत सुमारे ११ हजार लिटर. ध्रुवावर पिशव्या रिकाम्या होतात आणि परतीचे ओझे अगदी हलके होते.

अशा पिशवीचा आणखी एक गुण मला मिस्त्रींमुळे फार मोलाचा वाटतो. इंधन बाहेर पडत जाते तशी पिशवी मिटत जाते. आत हवा शिरत नाही, त्यामुळे तो घातक वाफ-हवेचा साठा फारसा होतच नाही. अर्थात म्हणून ती निर्धोक ठरत नाही. थेंबभर इंधन घडीत राहतेच.

हे सारे ऐकून वाटेल, की घडीची टाकी सगळीकडे का नाही? याचे उत्तर मला माझ्याच चुकीने मिळाले. एका घाटरस्त्याच्या कामावर यंत्रांना डिझेल लागे. आम्ही लेप दिलेल्या कापडाची टाकी करून दिली. दोन पावसाळे ती छान चालली. तिसऱ्या वर्षी तिच्या घडीवर बारीक चीर पडली. कामगार दर वेळी ती त्याच रेषेवर दुमडत, कारण आम्हीच तशी खूण करून दिली होती, व्यवस्थित दिसावे म्हणून. कापड शाबूत होते, आतला लेप तडकला होता. रात्रभर डिझेल झिरपले आणि उतारावरून खालच्या विहिरीत गेले. मी पोचलो तेव्हा विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग होते. विहिरीचे मालक वयस्कर शेतकरी. ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुमचं डिझेल गेलं, ते तुम्ही दुसरं आणाल. माझं पाणी गेलं.”

विहीर अनेकदा उपसून द्यावी लागली, तोवर टँकर द्यावा लागला. पैसे गेले त्याचे काही नाही. पण त्या वाक्याने माझा आराखडा बदलला. पुढच्या टाकीला घडी नव्हती, गुंडाळी होती. जाड नळावर गुंडाळायची, म्हणजे कुठेही तीक्ष्ण मोड येत नाही. खाली तेवढेच डिझेल मावेल असे उभ्या काठांचे ताडपत्रीचे ताट आले. लेप कोणता, हेही नव्याने ठरवले. साधे नैसर्गिक रबर डिझेल-पेट्रोलमध्ये फुगते. नायट्राइल रबर किंवा पॉलियुरेथेन टिकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक टाकीला क्रमांक आणि वही आली. किती वेळा भरली, किती वेळा गुंडाळली, तपासणी कधी केली. इंधनाच्या साठवणुकीचे नियम पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. तिचे नियम वाचताना पूर्वी मला कटकट वाटायची. विहिरीनंतर एकेका नियमामागे कोणाची तरी विहीर किंवा कोणाचे तरी हात दिसू लागले.

व्यापारात घडीची टाकी मागे पडते तीही परतीमुळेच. वीस फुटी कंटेनरमध्ये बसणारी, २४ हजार लिटरपर्यंत द्रव नेणारी मोठी पिशवी असते. तिच्यातून खाद्यतेल आणि वाइन देशोदेशी जाते, पण ती एकदाच वापरून टाकून देतात. परत आणणे, धुणे, तपासणे महाग पडते. इंधनासारख्या धोकादायक मालासाठी तर ती चालतच नाही.

मग रिकामे भांडे इमानाने परत येते असे ठिकाण आहे तरी कुठे? आपल्या स्वयंपाकघरात. गॅसचा सिलिंडर घडीचा नाही, रिकामाही पंधरा-सोळा किलोचा आहे, तरी तो वर्षानुवर्षे परत जातो. कारण त्याच्यावर आपली अनामत आहे आणि रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. कोणत्या तिमाहीत त्याची पुढची तपासणी व्हायची, ते त्यावरून कळते. पुढच्या वेळी घेताना जरूर वाचा. तारीख उलटून गेली असेल तर घेऊ नका.

घडीच्या टाकीचे कापड आणखी सुधारेल, लेप आणखी टिकतील. पण तिच्या दुसऱ्या टोकाला तिची वाट पाहणारे कोणी असले पाहिजे. परवा आमच्या दारात गॅसवाला आला आणि भरलेला सिलिंडर खांद्यावरून उतरवायच्या आधीच त्याने हाक दिली, “काकू, रिकामा बाहेर काढून ठेवा.” एवढे सांगणारा माणूस आमच्या रॉकेलच्या डब्याला कधी भेटला नाही.