समुद्रापार नेलेला संसार
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही उभयता आपणासमोर उभे आहोत. कार्यकारिणीने आम्हांस विषय दिला तो सामानाचा. भारतातून घरसामान कसे आणावे, सीमाशुल्कातून ते कसे सोडवावे, हे नव्याने येणाऱ्या कुटुंबांना सांगा, असा आदेश झाला. याआधी या मंचावरून धम्म, घटना आणि चळवळ यांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. त्यांच्यानंतर पेट्या आणि खोके यांवर बोलणे थोडे संकोचाचे वाटते. परंतु या विषयाचा पहिला धडा बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. ते स्वतः एका जहाजाने निघाले आणि ग्रंथांसह बरेचसे सामान दुसऱ्या जहाजाने रवाना झाले. महायुद्धाचा काळ होता. सामानाचे जहाज जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाले. बाबासाहेब २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस सुखरूप पोहोचले, ग्रंथ मात्र समुद्रतळाशी गेले. त्या सामानाचा विमा थॉमस कुक कंपनीकडे उतरविलेला होता. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्या तरुणाने पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमविले, त्याने विम्याचा हप्ताही भरला होता, ही गोष्ट आपण फारशी लक्षात घेत नाही.

आमचा संसार २०१९ साली नागपूरहून बर्मिंगहॅमला आला. ट्रकने न्हावा शेवा आणि तेथून जहाजाने फेलिक्स्टोव्ह, असा त्याचा मार्ग. आमचे सामान संपूर्ण कंटेनर भरण्याइतके नव्हते. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते, आमचे भरले जेमतेम सात घनमीटर. म्हणून इतरांच्या सामानासोबत सामायिक कंटेनर घेतला. तो स्वस्त पडतो, परंतु तो भरेपर्यंत थांबावे लागते आणि उतरल्यावर प्रत्येकाचे सामान वेगळे करण्यातही दिवस जातात. शिवाय २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेक जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येऊ लागली, त्याने प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. तेव्हा निघण्यापूर्वी मार्ग विचारून घ्यावा आणि मुलांचे हिवाळी कपडे कंटेनरमध्ये मुळीच टाकू नयेत.

ब्रिटनच्या सीमाशुल्काचा मुख्य नियम सोपा आहे. जो माणूस सलग किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिला आणि आता येथे वास्तव्यास येत आहे, त्याला स्वतःच्या मालकीच्या व किमान सहा महिने वापरलेल्या घरसामानावर शुल्क आणि मूल्यवर्धित कर माफ होतो. त्यासाठी ‘टीओआर १’ हा अर्ज करावा लागतो. सोबत सामानाची यादी, पारपत्राची प्रत आणि तेथील व येथील पत्त्याचे पुरावे जोडायचे. मंजुरीचा क्रमांक मिळाला की तो वाहतूकदाराला द्यायचा. हा अर्ज सामान जहाजावर चढण्यापूर्वी करावा. सामान बंदरात येऊन पडल्यावर अर्ज करणारे आमच्या ओळखीत तिघे निघाले. त्या तिघांनीही गोदीतील जागेचे भाडे, म्हणजे डेमरेज, भरले. मद्य आणि तंबाखू यांना ही माफी नाही. पंचशील घेतलेल्यांना याची अडचण नसावी, अशी आशा आहे.

निघण्यापूर्वी घेतलेला नवा मिक्सर, नवा कुकर, डब्यातून न काढलेल्या साड्या, यांना सहा महिन्यांची अट लागू होते. विद्युतदाब दोन्ही देशांत २३० व्होल्टच असल्यामुळे भारतीय मिक्सर येथे चालतो, केवळ तीन चौकोनी दांड्यांचा प्लग बसवावा लागतो. अमेरिकेस जाणाऱ्या नातेवाइकांना मात्र हा सल्ला देऊ नये, तेथील दाब निम्मा आहे.

आता यादीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आमचे जे नुकसान झाले ते यादीमुळे झाले. आमच्या घरी पितळेची बुद्धमूर्ती आहे. १९९६ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीबाहेरील दुकानातून आईने ती घेतली होती. सामान बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाने यादीत लिहिले, ‘जुनी बुद्धमूर्ती, पितळी’. त्या ‘जुनी’ या एका शब्दावर मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याचे बोट थांबले. त्यात त्याची चूक नव्हती. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बुद्धमूर्तींची चोरटी निर्यात किती झाली, हे जगातील संग्रहालये पाहिली तरी कळते. मूर्ती पुरावशेष नाही, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आणा, असे आम्हांस सांगण्यात आले. आमचे विमान तोवर सुटून गेले होते. मोठ्या भावाने, दादांनी, मूर्ती त्या सामानातून काढून घेतली, छायाचित्रांसह अर्ज केला, तज्ज्ञांसमोर ती ठेवली. प्रमाणपत्र मिळाले आणि पुढच्या वर्षी ती कोणाच्या तरी हातसामानातून आमच्याकडे आली. या खटाटोपात सामानाचे पहिले जहाज चुकले, गोदामाचे भाडे चढले. म्हणून धातूची वा दगडाची मूर्ती असेल तर प्रमाणपत्र आधीच घ्यावे, खरेदीची पावती असल्यास जपावी आणि यादी स्वतः वाचल्याशिवाय तिच्यावर सही करू नये. सहीसाठी कागद पुढे येतो तेव्हा घरात ट्रकवाल्यांचा गोंधळ असतो, शेजारी निरोपाला आलेले असतात आणि आपण न वाचता सही करतो.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी आपल्या समाजातील घरांना विशेष लागू पडते. ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित, अभिलेख वा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांहून जुने असतील तर तेही पुरावशेष ठरू शकतात. आमचे आजोबा नागपूरच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत ‘जनता’ पत्राचे १९४१ ते १९४३ या काळातील अंक होते, सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे. त्यांतील कित्येक अंकांच्या समासात आजोबांनी पेन्सिलीने हिशेब आणि सभांच्या तारखा टिपल्या होत्या. ही ट्रंक सोबत न्यावी, असे आम्हां दोघांपैकी एकाचे मत होते, दुसऱ्याचे नव्हते. मूर्तीच्या प्रसंगानंतर आम्ही धास्तावलो आणि अंक ट्रंकेत तसेच ठेवून घराला कुलूप लावले. एका गठ्ठ्याची छायाचित्रे काढली, उरलेल्या दोहोंची ‘पुढच्या खेपेला काढू’ असे ठरविले. पुढची खेप महामारीमुळे २०२२ साली घडली. छपराचे कौल सरकले होते. दोन गठ्ठे वाळवीने आणि पाण्याने गेले होते, आणि छायाचित्रे होती ती नेमकी वाचलेल्या गठ्ठ्याची.

कायद्याने तो कागद देशाबाहेर जाऊ दिला नसता, हे योग्यच आहे. तो घरातल्या घरात कुजला, याला जबाबदार आम्हीच. आज या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या गावच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल. समता सैनिक दलाचा बिल्ला, एखाद्या परिषदेची पावती, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र. आपण परदेशात येताना सोफ्याची मापे घेतो, या ट्रंकेचे झाकणही उघडून पाहत नाही. जाण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि मूळ कागद एखाद्या जबाबदार ग्रंथालयाच्या वा अभिलेखागाराच्या स्वाधीन करून रीतसर पोच घ्यावी. आम्ही उरलेल्या एका गठ्ठ्याचे तसे केले आहे.

सोफ्याचा उल्लेख झालाच आहे, तर तीही कथा सांगतो. आम्ही सागवानी दिवाण आणि गादीचा सोफा आणला. बर्मिंगहॅमच्या घराचा जिना इतका अरुंद की दिवाण वळेना. तो आजही गॅरेजमध्ये उभा आहे. सोफा विकावा म्हटले तर माफीने आणलेले सामान पहिले बारा महिने कर भरल्याशिवाय विकता, भाड्याने देता वा उसने देता येत नाही. बारा महिन्यांनंतर धर्मादाय दुकानाला देऊ केला, तर त्यांनी अग्निसुरक्षेची चिठ्ठी मागितली. १९८८ च्या येथील नियमांमुळे ती चिठ्ठी नसलेला गादीचा सोफा ते घेत नाहीत. भारतातील सोफ्याला ती कोठून असणार? सात घनमीटरांपैकी जवळजवळ तीन घनमीटर भाडे आम्ही या दोन वस्तूंसाठी भरले.

याउलट ग्रंथ. हवाईमार्गे वजनावर भाडे पडते म्हणून आपण पुस्तके मागे ठेवतो. समुद्रमार्गे सामायिक कंटेनरचे भाडे सहसा घनमीटरवर असते. पुस्तके जड असली तरी जागा थोडी घेतात. छापील पुस्तकांवर ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आम्ही लहान खोक्यांत, खोक्यामागे वीस किलोंहून अधिक नाही, असे बांधून आणले. मोठ्या खोक्यात भरल्यास तळ फाटतो. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात, कारण उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशात येताना कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटते. लाकडी खोके वापरल्यास त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असलाच पाहिजे, म्हणजे लाकूड ५६ अंशांवर तीस मिनिटे तापविलेले. गवताचा पेंढा भरू नये. तूप, पेढे, मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. बोधिवृक्षाचे रोप आणण्याची इच्छा अनेक उपासिका व्यक्त करतात. जिवंत रोपाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, ते नसल्यास रोप नष्ट केले जाते.

विम्याविषयी दोनच गोष्टी. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातील काच फुटली तर विमा कंपन्या बहुधा भरपाई नाकारतात. म्हणून बाबासाहेबांच्या तसबिरीची काच काढून ठेवावी आणि येथे नवी बसवावी. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जहाज संकटातून वाचविण्यासाठी झालेला खर्च त्यावरील सर्व मालधन्यांनी वाटून घ्यावा, असा सागरी व्यापाराचा जुना दंडक आहे, त्यास ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात अडकले, तेव्हा हाच दंडक लागू झाला आणि ज्यांचा माल शाबूत होता त्यांनाही हमी दिल्याशिवाय तो मिळाला नाही. सागरी विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

शेवटी कागदपत्रे. पारपत्र, माफीचा अर्ज आणि बिल ऑफ लेडिंग यांवरील नाव अक्षरशः एक असावे. आपल्या समाजात जातीचा निर्देश करणारे आडनाव टाकून नवे घेतलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. दाखल्यावर वडिलांचे जुने आडनाव, पारपत्रावर नवे, विवाहानंतर पत्नीचे तिसरेच. शासन राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत असू द्यावी. पदव्या, जन्मदाखले आणि जातीचा मूळ दाखला कधीही खोक्यात टाकू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना जो हक्क मिळाला, त्याचा पुरावा दोन महिने समुद्रावर ठेवण्याचे काही कारण नाही.

भोजनानंतर आम्ही डावीकडील मेजावर बसणार आहोत. ‘टीओआर १’ अर्जाच्या नमुन्याच्या प्रती आणि आमची मूळ यादी, ‘जुनी’ या शब्दाखाली लाल रेघ मारलेली, तेथे पाहावयास मिळेल. ज्यांच्या घरी आजोबांची ट्रंक आहे त्यांनी तर अवश्य भेटावे. जयभीम.