पटेल शॉट, संघम शॉट
(मंडळाच्या महिला विभागात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या ज्येष्ठ बायकांच्या आठवणी चित्रित करायचं ठरलंय, आणि डिप्लोमावाला म्हणून कॅमेऱ्याबद्दल बोलायला मला उभं केलंय. मोबाइल तर सगळ्यांकडेच आहे. मला सांगायचंय ते पस्तापूरबद्दल.

सोलापूरला जाताना झहीराबाद आपण सगळेच ओलांडतो. त्याच्या शेजारीच पस्तापूर. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे पी. व्ही. सतीश, जे पूर्वी दूरदर्शनवर निर्माते होते, त्यांनी १९९८च्या सुमारास शेतमजुरी करणाऱ्या दलित बायकांना व्हिडिओ शिकवायला घेतला. बऱ्याचजणींना अक्षरओळख नव्हती. लो अँगल, हाय अँगल हे शब्द त्यांच्या काय कामाचे? त्यांनी आपली नावं ठेवली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, कारण जमीनदार मजुराकडे तसाच बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्यांच्या पातळीवरचा तो संघम शॉट. बायकांच्या संघममध्ये सगळ्या सारख्या.

२००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या बायका वरंगळ भागातल्या शेतकऱ्यांकडे जात राहिल्या आणि २००३ मध्ये त्यांची फिल्म आली. बीटीबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, विदर्भात नातेवाईक असलेल्यांची तर नक्कीच. पण शहरातून एका दिवसासाठी गेलेल्या माणसाला शेतकऱ्यानं कर्जाचा आकडा इतक्या सहज सांगितला नसता. इथं विचारणारीही शेतातलीच होती.

आमच्या सरकारी फिल्मांत लाभार्थी हात जोडून उभा असतो आणि त्याच्या वतीनं निवेदक बोलतो. तो कुठला शॉट, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून माझी सूचना अशी, की बाहेरचा व्हिडिओवाला ठरवलाय तो रद्द करा. रझाकारांच्या दिवसांत आईचं बोट धरून सोलापूरकडे निघून गेलेल्या दोन-तीन आज्याच आता आपल्यात उरल्यात. व्हिडिओवाल्यासमोर त्या अथर्वशीर्ष म्हणतील आणि गप्प बसतील. सुनेनं, नातीनं समोर बसून, मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून विचारलं तर बोलतील. कुकरची वेळ टाळा, पंखा बंद करा, त्या मध्येच थांबल्या तर थांबू द्या. आणि हे पुढच्या वर्षावर ढकलू नका.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सरावाला या. कॉलरचा माईक मी आणतो.